खिडक्या उघड्या ठेवा: कॅटरिनानंतरच्या ट्रेलरमधलं फॉर्मल्डिहाइड

पार्श्वभूमी

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, मिसिसिपीच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. महिना उलटायच्या आत रीटा नावाचं दुसरं वादळ त्याच किनारपट्टीच्या पश्चिम भागात आलं. लाखो लोकांच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही. आपत्ती निवारणाचं काम बघणाऱ्या ‘फेमा’ या सरकारी संस्थेने निवाऱ्यासाठी ट्रेलर आणि फिरती घरं विकत घ्यायला सुरुवात केली. खरेदीचा आकडा १ लाख ४५ हजारांच्या आसपास गेला आणि खर्च २ अब्ज डॉलरच्या पुढे.

यातले बहुतेक प्रवासी ट्रेलर होते. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे, सुट्टीत चार दिवस राहायचे, परत आणून लावून ठेवायचे, अशासाठी बनवलेले. रुंदी आठ फूट, लांबी तीस फुटांच्या आसपास. एवढ्या जागेत स्वयंपाकाचा ओटा, पलंग, कपाटं, न्हाणीघर, सगळं बसवलेलं. या ट्रेलरमध्ये कुटुंबं मुलाबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह राहायला गेली आणि अनेकांचा मुक्काम दोन वर्षांवर गेला. या ट्रेलरच्या लाकडी फळ्यांतून फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांत झोंबणारा वायू सुटत होता, आणि हे प्रकरण त्याचंच आहे.

इथे कायद्यातली एक फट महत्त्वाची आहे. कारखान्यात बनणाऱ्या फिरत्या घरांसाठी अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याचा नियम १९८०च्या दशकापासून होता. त्यात वापरलेल्या प्लायवूडमधून चाचणीत ०.२ पीपीएमपेक्षा आणि पार्टिकल बोर्डमधून ०.३ पीपीएमपेक्षा जास्त फॉर्मल्डिहाइड सुटता कामा नये. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग. प्रवासी ट्रेलर मात्र कायद्याच्या नजरेत वाहन होतं, घर नव्हतं. त्याला हा नियम लागू नव्हता. वाहन म्हणून बनलेली वस्तू घर म्हणून दिली गेली, आणि त्या क्षणी तिच्या आतल्या हवेची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

फळीतून वायू कसा सुटतो

लाकडाचा भुसा, चुरा किंवा पातळ पापुद्रे रेझिनने, म्हणजे कृत्रिम डिंकाने, चिकटवून, उष्णता आणि दाब देऊन पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि प्लायवूड बनतं. घराच्या आत वापरायच्या मालात बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन असायचं, कारण ते स्वस्त असतं, लवकर घट्ट होतं आणि रंग सोडत नाही. त्यात एक मूलभूत उणीव आहे. ज्या क्रियेने युरिया आणि फॉर्मल्डिहाइड जोडले जातात, ती पाण्याच्या सान्निध्यात उलटी फिरू शकते. हवेतली आर्द्रता फळीत शिरते, बंध तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड पुन्हा मोकळं होतं. त्याचा उत्कलनबिंदू उणे १९ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते वायूच असतं. मोकळं झालं की हवेत येतं.

म्हणून फळीतून येणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचे दोन टप्पे लक्षात ठेवावे लागतात. पहिला, कारखान्यातून न जोडता शिल्लक राहिलेल्या वायूचा. नव्या फर्निचरचा तो डोळ्यांत झोंबणारा वास याचाच, आणि पहिल्या काही महिन्यांत तो बराचसा ओसरतो. दुसरा, रेझिन हळूहळू विघटित होण्याचा. हा वर्षानुवर्षं चालतो आणि ऊन, दमटपणा वाढला की जोर धरतो. ‘जुनं झालं की वास जातो’ हे पहिल्या टप्प्यापुरतं खरं आहे. उन्हाळ्यात कपाट उघडल्यावर पुन्हा वास का येतो, याचं उत्तर दुसऱ्या टप्प्यात आहे. बाहेरच्या वापराच्या प्लायवूडमध्ये जे फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन असतं, त्याचे बंध पाण्याने असे सुटत नाहीत. त्यामुळे नावात फॉर्मल्डिहाइड असूनही त्यातून वायू फार कमी येतो.

लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने नंतर चार रिकामे ट्रेलर घेऊन सविस्तर मोजमाप केलं. एकाच ट्रेलरमधून सकाळपेक्षा दुपारी जास्त फॉर्मल्डिहाइड सुटत होतं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा कारणाबद्दलचा निष्कर्ष. भिंती, छत, जमीन, कपाटं, पलंगाची पेटी असं सगळंच पातळ, हलक्या, चिकटवलेल्या लाकडाचं होतं. साध्या घराच्या तुलनेत हवा मूठभर आणि फळीचं क्षेत्रफळ अफाट. त्यात बाहेरची ताजी हवा आत येण्याचं प्रमाण कमी. एखादी फळी एकटी तपासली तर फार वावगी वाटणार नाही, पण तशाच फळ्यांनी सहाही बाजूंनी वेढलेल्या डब्यात माणूस झोपतो तेव्हा हिशोब बदलतो. ‘हा माल मानकात बसतो’ हे वाक्य खोलीतल्या हवेबद्दल काहीच सांगत नाही. किती माल, किती हवा आणि ती हवा किती वेळा बदलते, हे तीन आकडे त्याच्या शेजारी असावे लागतात.

तक्रारी

२००६च्या वसंत ऋतूपासून, हवा तापायला लागली तशा तक्रारी वाढल्या. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं दुखणं, रात्रभर खोकल्याची ढास, मुलांच्या नाकाचा घोळणा फुटणं, दम्याच्या माणसाला वारंवार धाप लागणं. मिसिसिपीतल्या बे सेंट लुइस गावचे बालरोगतज्ज्ञ डॉ. स्कॉट नीडल यांच्या लक्षात आलं की सर्दी, कानाचे आणि सायनसचे त्रास घेऊन पुन्हा पुन्हा येणारी मुलं ट्रेलरमध्ये राहणारी आहेत. सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेने तीसेक ट्रेलरमध्ये हवा तपासली तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रमाण ०.१ पीपीएमच्या वर निघालं.

ही लक्षणं फॉर्मल्डिहाइडच्या स्वभावाला धरून आहेत. ते पाण्यात चटकन विरघळतं, त्यामुळे शरीराचा पहिला ओलावा भेटतो तिथेच, म्हणजे डोळे, नाक आणि घशाच्या अस्तरावर, त्याचा बहुतांश परिणाम होतो. रक्तात पोचलेला भाग शरीर एक-दोन मिनिटांत मोडून टाकतं. शरीर स्वतःही थोडं फॉर्मल्डिहाइड तयार करत असतं. म्हणून रक्त किंवा लघवी तपासून ‘तुमच्या घरात किती होतं’ हे सांगता येत नाही. माणूस तपासून भागत नाही, हवाच तपासावी लागते. ती तपासणी वेळेवर झाली नाही, हेच या प्रकरणाचं दुखणं आहे.

नाकावर विसंबूनही चालत नाही. काहींना ०.०५ पीपीएमलाच वास येतो, काहींना १ पीपीएमपर्यंत येत नाही. शिवाय सतत त्याच हवेत राहिलं की नाक सरावतं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला दारातच जाणवतं आणि घरच्यांना काहीच नाही, असं होतं ते यामुळेच.

१९ जुलै २००७ रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या देखरेख समितीसमोर सुनावणी झाली. हेन्री वॅक्समन तिचे अध्यक्ष होते. तिथे फेमाची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. क्षेत्रावरचे कर्मचारी हवा तपासा म्हणत होते. वकिलांचा सल्ला उलटा होता: तपासणी केली आणि निष्कर्ष वाईट आला तर कारवाई करणं बंधनकारक होईल. २००६च्या वसंतात एका गर्भवती बाईचा राहता ट्रेलर तपासला गेला होता आणि तिथलं प्रमाण कामगारांसाठी शिफारस केलेल्या मर्यादेच्या ७५ पट भरलं होतं. एवढं हाती असूनही राहत्या ट्रेलरची व्यापक तपासणी लगेच झाली नाही. मला हे वाचताना संताप येतो. मोजायचं नाही असं ठरवणं हासुद्धा निर्णय असतो, आणि त्याची किंमत त्या ट्रेलरमध्ये झोपणारी माणसं रोज मोजत होती.

रिकामे ट्रेलर आणि ०.३ हा आकडा

अखेर तपासणी झाली ती सप्टेंबर-ऑक्टोबर २००६मध्ये, ९६ रिकाम्या ट्रेलरची. पर्यावरण संरक्षण संस्थेने नमुने घेतले. ट्रेलर बंद असताना सरासरी १.०४ पीपीएम. खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन चालू केल्यावर ०.३९. खिडक्या आणि झरोके उघडे ठेवल्यावर ०.०९.

या तीन आकड्यांतच सगळं प्रकरण सामावलेलं आहे. फॉर्मल्डिहाइड घालवायला खिडक्या उघडाव्या लागतात, हे सिद्ध झालं. वातानुकूलन पुरेसं नाही, हेही सिद्ध झालं. आणि बंद दाराआडची हवा भयंकर आहे, हेही. यातून फेमाने लोकांपर्यंत पोचवलेला मुख्य संदेश होता: हवा खेळती ठेवा. मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, उन्हाळा, दमट उकाडा, डास, वादळी पाऊस, ट्रेलरच्या वसाहतीत शेजाऱ्याची खिडकी हाताच्या अंतरावर. लोक रात्री खिडक्या बंद करून वातानुकूलन लावणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उघड्या खिडकीतून येणारी गरम, दमट हवा फळीतून आणखी वायू सोडवते, ते वेगळंच. रिकाम्या ट्रेलरमध्ये खिडक्या उघडून मिळालेला आकडा रिकाम्या ट्रेलरचा होता. तिथे कोणी झोपत नव्हतं, स्वयंपाक करत नव्हतं, लहान मूल दिवसभर आत ठेवत नव्हतं.

यानंतरचा प्रश्न असा की किती फॉर्मल्डिहाइड चालेल. विषारी पदार्थांचे आरोग्यावरचे परिणाम तपासणाऱ्या एटीएसडीआर या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २००७मध्ये फेमाला जो अहवाल दिला, त्यात ०.३ पीपीएम ही काळजीची पातळी धरली होती. संवेदनशील माणसांची श्वासनलिका आकसण्यासारखे तात्कालिक त्रास डोळ्यांसमोर ठेवून ती निवडलेली होती. महिनोन् महिने राहणं आणि कर्करोग यांचा विचार त्यात नव्हता. संस्थेतले ज्येष्ठ विषशास्त्रज्ञ क्रिस्टोफर डी रोझा यांनी हे लेखी निदर्शनाला आणून दिलं आणि एप्रिल २००८मध्ये संसदीय उपसमितीपुढे साक्षही दिली.

०.३ किती मोठा आहे हे शेजारी दुसरे आकडे ठेवल्यावर कळतं. कारखान्यातल्या धडधाकट प्रौढ कामगाराला आठ तासांच्या पाळीत कायद्याने चालणारी मर्यादा ०.७५. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या निओश संस्थेची शिफारस ०.०१६. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची, अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा साधारण ०.०८. आणि खुद्द एटीएसडीआरची, वर्षाहून अधिक काळ संपर्क असेल तर धोका नगण्य मानण्याची पातळी ०.००८. ट्रेलरसाठी धरलेला आकडा त्याच संस्थेच्या दीर्घकालीन पातळीच्या ३७ पटींहून जास्त होता.

कामगार पाळी संपल्यावर घरी जातो. ट्रेलरमधलं तान्हं मूल कुठे जाणार? ते दिवसाचे वीस-बावीस तास तीच हवा घेतं, आणि वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा जास्त घेतं. मर्यादेचा कोणताही आकडा वाचताना तो कोणासाठी, किती तासांसाठी आणि कोणता आजार टाळण्यासाठी ठरवला, हे विचारल्याशिवाय त्याचा उपयोग करू नये.

राहती ५१९ घरं

२१ डिसेंबर २००७ ते २३ जानेवारी २००८ या काळात सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, लुइझियाना आणि मिसिसिपीतले ५१९ राहते ट्रेलर आणि फिरती घरं तपासली. सरासरी निघाली ०.०७७ पीपीएम. सर्वात कमी ०.००३, सर्वात जास्त ०.५९. अमेरिकेतल्या साध्या घरात हे प्रमाण ०.०१ ते ०.०२च्या आसपास असतं. प्रवासी ट्रेलरमध्ये फिरत्या घरांपेक्षा ते जास्त होतं.

म्हणजे ०.३ची फूटपट्टी लावली असती तर सरासरी ट्रेलर निर्धास्तपणे पास झाला असता. सीडीसीने ती लावली नाही. हे मोजमाप हिवाळ्यातलं आहे, ट्रेलर दोन वर्षं जुने झालेले आहेत, त्यामुळे आधीच्या उन्हाळ्यांत प्रमाण याहून जास्त असणार, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आणि उन्हाळ्याआधी लोकांना हलवण्याची शिफारस केली. १४ फेब्रुवारी २००८ला निष्कर्ष जाहीर झाले. तेव्हाही तीस हजारांहून जास्त कुटुंबं ट्रेलरमध्ये होती. पहिल्या तक्रारींपासून इथवर यायला जवळपास दोन वर्षं गेली.

आजार आणि पुरावा

कर्करोगाबद्दल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं म्हणून, टाकलं होतं. आधार होता नाक-घशाच्या मागच्या भागातल्या कर्करोगाचा. २००९मध्ये त्यात रक्ताच्या कर्करोगाची भर पडली. हे पुरावे मुख्यतः वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात संपर्क आलेल्या कामगारांचे आहेत. दोन वर्षं ट्रेलरमध्ये राहिलेल्या एखाद्या माणसाला उद्या कर्करोग झाला तर तो त्यामुळेच झाला, असं कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. संपूर्ण लोकसमूहाचा धोका थोडा वाढतो, व्यक्तीवर बोट ठेवता येत नाही.

दम्याचंही तसंच. पुराने ओल्या झालेल्या भिंतींवरची बुरशी, पाडकामाची धूळ, मानसिक ताण, तुटलेले औषधोपचार, सगळं एकाच वेळी चालू होतं. मिसिसिपीच्या हॅनकॉक काउंटीतल्या मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी सीडीसीने तपासल्या तेव्हा ट्रेलरमध्ये राहिलेल्या आणि न राहिलेल्या मुलांत ठळक फरक दिसला नाही. यावरून त्रास खोटा होता असं म्हणणं चूक आहे. वादळानंतर त्या भागातल्या कोणाचंच आयुष्य निरोगी नव्हतं, तुलना करायला धड दुसरा गट उरलाच नव्हता.

न्यायालयात हाच गुंता फिर्यादींच्या अंगावर आला. न्यू ऑर्लिन्सच्या संघराज्य न्यायालयात हजारो दावे एकत्र आले. बाकीच्या दाव्यांचा अंदाज यावा म्हणून आधी काही नमुना खटले चालवले गेले; सप्टेंबर २००९मधल्या पहिल्या नमुना खटल्यात ज्यूरीने ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने कौल दिला. २०१२मध्ये उत्पादक आणि कंत्राटदारांनी मिळून ४.२६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दावेदार होते ५५ हजारांच्या आसपास, म्हणजे वकिलांचा खर्च वजा करण्याआधीच माणशी ८०० डॉलरसुद्धा नाहीत.

या प्रकरणातून राहत्या घरासाठी काय घ्यावं

ट्रेलर हे टोकाचं उदाहरण आहे, पण रसायन तेच आणि भौतिकशास्त्रही तेच. छोटी खोली, भिंतभर कपाटं, पलंगाखाली पार्टिकल बोर्डची पेटी, खिडकी कायम बंद आणि दार लावून वातानुकूलन चालू: हे मिश्रण कुठेही सापडतं.

सर्वात खात्रीचा उपाय खरेदीच्या वेळचा. कमी उत्सर्जनाची प्रमाणित फळी मागा आणि खोलीत तिचं क्षेत्रफळ मुळातच कमी ठेवा. फळीच्या दोन्ही बाजू लॅमिनेटने झाकलेल्या आणि कापलेल्या कडा पट्टीने बंद असतील तर वायू बराच अडतो. मागची बाजू आणि भोकं मात्र बहुतेक कारागीर उघडी सोडतात, तिथे लक्ष ठेवावं. काम संपल्यावर राहायला जाण्याआधी काही आठवडे खोली मोकळी ठेवून आरपार वारा येऊ द्यावा, आणि मुलांची खोली सगळ्यात शेवटी वापरात घ्यावी. नंतर खोली शक्यतो थंड आणि कोरडी ठेवावी. वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा फिरवत असेल तर ते फॉर्मल्डिहाइड बाहेर टाकत नाही. साध्या कोळशाच्या गाळणीत ते फारसं अडकत नाही, आणि कुंडीतल्या झाडांनी खऱ्या खोलीत मोजण्याजोगा फरक पडत नाही. घरापासून दूर गेल्यावर त्रास थांबतो आणि परतल्यावर सुरू होतो, असा क्रम दिसला तर डॉक्टरांना फर्निचर कधी बसवलं तेही सांगा. हा प्रश्न डॉक्टर आपणहून क्वचितच विचारतात.

त्यानंतर

कॅलिफोर्नियाने २००७मध्येच फळ्यांसाठी कडक मर्यादा मंजूर केल्या होत्या. ट्रेलरच्या प्रकरणानंतर तोच कायदा देशभर व्हावा म्हणून दबाव आला आणि ७ जुलै २०१० रोजी संघराज्याच्या कायद्यावर सही झाली. प्लायवूडला ०.०५, पार्टिकल बोर्डला ०.०९, एमडीएफला ०.११ आणि पातळ एमडीएफला ०.१३ पीपीएम, चाचणीकक्षातल्या मोजमापाप्रमाणे. नियम प्रसिद्ध व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला आणि तो प्रत्यक्ष लागू झाला जून २०१८मध्ये.

ट्रेलरचं काय झालं? सरकारने ते लिलावात विकले, ‘राहण्यासाठी वापरू नये’ असा इशारा चिकटवून. चिकटवलेला कागद सोलून काढता येतो. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा सफाईच्या कामाला आलेले मजूर याच ट्रेलरमध्ये राहताना आढळले. अनेकांना आपण कशात झोपतो आहोत याची कल्पना नव्हती. नवा कायदा नव्या फळ्यांपुरता असल्याने आधीच बनलेल्या या ट्रेलरना तो लागू पडत नाही, आणि घराच्या आतल्या हवेत किती फॉर्मल्डिहाइड चालेल याची बंधनकारक मर्यादा अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात त्यानंतरही आलेली नाही.